पोत्याचं वजन तेच, मग कोंबड्यांचं का भरत नाही? साठवलेल्या मक्याचं गणित

पैठणसह छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खरिपाचा मका निघतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. ओलसर मका पोत्यात भरला जातो. पुढे तोच कोंबड्यांच्या खाद्यात येतो.

या खाद्यात साधारण निम्म्याहून जास्त मका असतो, तो ऊर्जेसाठी. १२ टक्के ओलावा असलेल्या एक किलो मक्यातून कोंबडीला सुमारे ३,३०० किलोकॅलरी मिळतात. ओलावा १८ टक्के असेल तर त्याच किलोत सव्वादोनशे किलोकॅलरी कमी भरतात. म्हणजे पैसे मक्याचे, घेतलं पाणी!

साठवणुकीत आणखी गळती होते. सोंड्याची अळी दाण्याच्या आत राहून पिठूळ भाग खाते, त्यामुळे दाणा बाहेरून बराच काळ धड दिसतो. बुरशी दाण्याच्या अंकुराचा फडशा पाडते. मक्यातलं बहुतेक तेल तिथेच असतं आणि तेलात पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते.

ऊर्जा कमी पडली की कोंबडी जास्त खाते. कुक्कुटपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच, त्यामुळे स्वस्तातला मका महागात पडतो.

बुरशीचा खरा धोका मात्र अफ्लाटॉक्सिनचा. हे विष कोंबडीच्या यकृतावर घाव घालतं. मका पुन्हा वाळवला तर बुरशी वाढायची थांबते, तयार झालेलं विष जात नाही. भरडूनही नाही.

म्हणून मका घेताना ओलावा मोजून घ्यावा, १२-१३ टक्क्यांवर असेल तर आधी वाळवावा आणि पोती जमिनीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.