वाढत्या अंगाचे शिवण

स्मरणिकेत पाककृती येतात, कविता येतात, प्रवासवर्णने येतात. घरच्या शिवणावर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आपल्यापैकी कित्येक भगिनींच्या दुपारच्या दुपारी सुईदोऱ्यात गेल्या असतील, पण ते काम लिहिण्याजोगे आहे असे आपल्यालाच कधी वाटले नाही. म्हणून यंदा मी मुद्दाम हा विषय घेतला आहे. घरच्या शिवणाला इतिहास आहे, आणि तो नुसता कापडाचा नसून वाढत्या कुटुंबाच्या हिशेबाचा आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मोठ्या माणसांचा पोशाख पूर्वी बराचसा बिनशिवणीचाच असे. धोतर, उपरणे, नऊवारी लुगडे यांना सुई लागत नसे. अंगरखा, बाराबंदी ही शिंप्याची कामे. ज्या नामदेवांचे अभंग आपण भजनात म्हणतो, तेही शिंप्याच्याच घरचे. शिवण हा असा पुरुषांचा धंदा होता. घरच्या बाईकडे आली ती चोळी आणि मुलांचे कपडे. चोळीसाठी खण असे. गुळेदगुड्डचे खण तर प्रसिद्धच. खण म्हणजे एका चोळीपुरतेच कापड. त्यात चूक झाली तर दुसरा तुकडा कोठून आणणार? म्हणून कात्री लावण्यापूर्वी घडी कशी घालायची, काठ कोठे येतील, काखेतला तुकडा कोठून निघेल, हे सारे डोक्यात तयार असावे लागे. कागदी नमुना नव्हता. माप वितीने आणि बोटांनी घ्यायचे. अक्षरओळख नसलेल्या बायकांची ही भूमितीच होती, असे मला वाटते.

या कलेची खरी परीक्षा बाळंतविड्यात होई. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी, लहान गोधडी, शिवाय बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, असा तो थाट. लेकीचे दिवस भरत आले की माहेरी दुपारच्या वेळी ही शिवणे निघत. बारशाला आत्या अंगडे-टोपडे, कुंची घेऊन येई. मात्र बाळाच्या अंगाला लागणारे पहिले कापड अनेक घरांत जुनेच असे. कोणाच्या तरी मऊ झालेल्या लुगड्याचे किंवा धोतराचे झबले करीत. त्याला शकुन मानीत. पण त्यामागे शहाणपणही होते. कोऱ्या कापडाला खळ असते, ते कोवळ्या अंगाला बोचते. शंभरदा धुतलेले कापड बोचत नाही.

झबल्याला बटणे नसत, बंद असत. बंद सैल सोडले की तेच झबले आणखी दोन महिने पुरे. कुंचीला बाह्याच नाहीत. डोक्यावर चुण्या घालून पाठीवर सोडलेले ते कापड. म्हणून मूल तान्हे असताना ती पायांपर्यंत येई आणि रांगू लागल्यावर कमरेपर्यंत, पण बाद होत नसे. मूल वाढणार हे गृहीत धरूनच हे कपडे बेतलेले असत.

मुलगी मोठी झाली की परकर-पोलके आले. माझे बालपण १९५० नंतरच्या दशकातले. आम्ही पाच भावंडे. माझी आई परकराला खाली दोन-तीन आडव्या चुण्या घालून ठेवी. दरवर्षी दिवाळीच्या आधी एक चूण उसवायची, की परकर चार बोटे लांब. चुणीच्या आत दडलेल्या कापडाला ऊन आणि धुणे लागलेले नसे. त्यामुळे तेथे मूळ रंगाचा गडद पट्टा उमटे. आमच्या परकरावरचे पट्टे मोजले की तो कितव्या वर्षात आहे हे शेजारणींना सुद्धा कळे! मला त्या पट्ट्यांची लाज वाटे. तो परकर मग धाकटीकडे, आणि तिच्यासाठी त्याच चुण्या पुन्हा घातल्या जात.

कापडाचा हा प्रवास घरोघर ठरलेला होता. लुगडे विरले की त्याच्या चांगल्या भागाचे परकर, झबली. उरलेल्याची दुपटी, बाळोती. त्याहून जुने ते गोधडीच्या थरात. गोधडीला धावदोरा घालण्यासाठी दोघी-तिघी समोरासमोर बसत आणि घरातल्या गोष्टी बोलत बोलत टाके पडत. शेवटी उरे ते पोतेरे. टाकून दिले असे काही नव्हतेच.

या जगात यंत्र आले. अमेरिकेत एलियास हाव यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये शिवणयंत्रांची पेटंटे घेतली. सिंगर कंपनीने हप्त्याने यंत्रे विकण्याची रीत पाडली आणि त्यामुळे ते साध्या घरांतही शिरले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापसाची गिरणी काढली. पुढे विलायती आणि देशी गिरण्यांचे मांजरपाट, लंकलाट, छीट बाजारात आले, आणि घरच्या यंत्राला भरपूर काम मिळाले. एरवी यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केला, कारण ते माणसाचे कष्ट वाचवते. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे ‘उषा’ यंत्र निघाले आणि ते मध्यमवर्गीय घरांत मानाने बसले.

कष्ट वाचले का? टाका झरझर पडू लागला हे खरे. पण त्याबरोबर अपेक्षाही वाढल्या. पूर्वी वर्षाला दोन कपड्यांवर भागत असे. आता झालरीचा फ्रॉक, शाळेचा गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या. यंत्र घरात आहे म्हणून सारे घरीच करायचे, आणि ते करणारी एकच. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा जुन्याचे नवे करण्याची ही विद्या संसार झाकण्याच्या कामी आली. पण जमाखर्चाच्या वहीत ती कोठे दिसते? शिंप्याला दिलेली शिलाई वहीत लिहिली जाई; आईने वाचवलेली शिलाई कोणी लिहिली नाही. खानेसुमारीतही अशा बाईपुढे ‘घरकाम’ एवढाच शब्द.

तीच विद्या घराबाहेर नेली तेव्हा मात्र तिला मोल आले. पंडिता रमाबाईंनी आपल्या संस्थेतील निराधार स्त्रियांना हाताने काम करून पोट भरण्याचे शिक्षण दिले. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. त्या वाटेने कितीजणींचे संसार सावरले! आमच्या वाड्यात एक बाई पती गेल्यावर जिन्याखालच्या खोलीत यंत्र घेऊन बसल्या. साऱ्या वाड्याची पोलकी, झंपर त्या शिवीत. त्यांचे तीन मुलगे त्या यंत्रावर शिकले. सासरच्या ज्या माणसांना त्यांचे शिवण म्हणजे बायकी वेळकाढूपणा वाटे, तीच माणसे पुढे फीसाठी उसने मागायला त्यांच्याकडे येत.

आता तयार कपडे सहज मिळतात, स्वस्तही मिळतात. सुनांनी, नातींनी झबली शिवत बसावे असे मी म्हणणार नाही. त्यांना त्यांची कामे आहेत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी शिवणारीच्या तोंडी इंच राहिला आहे. तोही उद्या जाईल. काळ जाणारच. पण तयार कपडा मुलाबरोबर वाढत नाही. सहा महिन्यांत तो आखूड होतो आणि उसवायला त्यात चूण नसते. आपल्या आयांनी कापडात उद्याची जागा शिल्लक ठेवली होती. ती ठेवणे हे काम होते, आणि ते अक्कलहुशारीचे काम होते, हे आपण तरी म्हटले पाहिजे.

माझी एक सूचना आहे. मंडळातील ज्येष्ठ भगिनींनी आपल्याला येणारे एकेक शिवण मंडळाच्या वहीत उतरवून द्यावे: कुंचीला कापड किती, घडी कशी, चुण्या कोठे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. आणि प्रत्येक मापाखाली ते कोणाकडून शिकलात, तिचे नावही घालावे.