साउथॉलच्या एका तबकडीची कुळकथा

सरदार-जहागीरदारांच्या वंशावळी आणि वतनांचे कज्जे जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना, बारा इंच व्यासाच्या एका काळ्या तबकडीलाही मूळपुरुष, भाऊबंद आणि फौजदारी खटले असू शकतात हे सांगितले, तर प्रथमदर्शनी थोडे हसू येईल. परंतु 'मिस्टी इन रूट्स' या लंडनच्या वाद्यवृंदाची 'लाइव्ह ॲट द काउंटर युरोव्हिजन 79' ही ध्वनिमुद्रिका अशाच भरल्या कुळातली आहे.

तिचे मूळ घराणे जमैकाचे. 1950 च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून, ज्यांना नृत्यगृहाचे तिकीट परवडत नसे त्यांच्यासाठी, उघड्या अंगणात कपाटाएवढे कर्णे रचून तबकड्या वाजवल्या जात आणि त्या सरंजामाला 'साउंड सिस्टीम' म्हणत. 1948 साली 'एम्पायर विंडरश' हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला लागल्यानंतर कॅरिबियन बेटांवरील माणसांचा जो ओघ तिकडे वळला, त्याच्याबरोबर हा सरंजामही लंडनला पोचला. भाड्याची खोली नाकारणारे घरमालक जेथे पावलोपावली भेटत, तेथे तळघरात वाजणारे हे संगीत निव्वळ करमणुकीपुरते राहणे शक्यच नव्हते. 1968 च्या सुमारास त्याला 'रेगे' हे नाव चिकटले, आणि दारिद्र्य, गुलामगिरीची स्मृती व रास्ताफारी पंथाची आफ्रिकेकडे लागलेली दृष्टी यांवर उभ्या असलेल्या शाखेला 'रूट्स'.

या संगीताची चाल आपल्या कानाला प्रथम चकवते. समेवर आघात पडणार या अपेक्षेने आपण बसावे, तर 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सुटते आणि पायाच्या ढोलाचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटार मधल्या फटींतून तुटक वाजते, आणि सारी सुरावट खर्जातल्या बास गिटारच्या खांद्यावर चालते. तबकडी कोरणाऱ्या कारागिरांची खरी परीक्षा याच खर्जाने घेतली. स्वर जितका खालचा तितकी कोरणी आडवी झुलते, चर रुंद होतो आणि जागा खातो. म्हणून कोरताना खर्ज दाबावा आणि वाजवताना यंत्राने तो पूर्ववत उठवावा, असा दंडक 1950 च्या दशकात घालून दिला गेला. तरीही एका बाजूवर विसाएक मिनिटांहून फार अधिक संगीत कोंबले, तर चर अरुंद करावे लागून खर्ज दुबळा होतो. रेगेचा रसिक गाणी कमी मिळाली तरी चालवून घेई. दुबळा खर्ज मात्र त्याला खपत नसे.

आता साउथॉल. हीथ्रो विमानतळाजवळच्या या उपनगरात रबराच्या कारखान्यात राबणारे पंजाबी आणि त्यांच्या शेजारी कॅरिबियन कुटुंबे राहत. वॉलफर्ड आणि डेल्विन टायसन या बंधूंच्या गायनाभोवती 1970 च्या दशकाच्या मध्यास 'मिस्टी'चा वृंद येथेच जमला. 1976 च्या जूनमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा साउथॉलच्या भर रस्त्यात खून झाला, आणि त्याच वर्षी एरिक क्लॅप्टन या नामांकित गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून परदेशस्थांविरुद्ध ओकलेल्या गरळीमुळे 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. तिच्या मंचावर सर्वाधिक वेळा उभ्या राहिलेल्या वृंदांत 'मिस्टी'ची गणना होते. बर्मिंगहॅमच्या 'स्टील पल्स'ने 1978 साली 'हॅन्ड्सवर्थ रेव्होल्यूशन' ही मुद्रिका 'आयलंड' या बड्या कंपनीकडून काढली आणि नावलौकिक मिळवला. 'मिस्टी'ने मात्र 'पीपल युनाइट' नावाची स्वतःची सहकारी संस्था आणि तिचाच शिक्का पत्करला. माझ्या मते या मंडळींचा निषेध त्यांच्या शब्दांत जितका होता, तितकाच या मालकीहक्कात होता.

1979 च्या मार्चअखेरीस युरोव्हिजनची गीतस्पर्धा जेरुसलेम येथे थाटात भरली असता, त्या व्यापारी थाटाला शह म्हणून ब्रुसेल्समध्ये प्रति-युरोव्हिजन योजले गेले. तेथे श्रोत्यांसमोर झालेले 'मिस्टी'चे गायन हीच त्यांची पहिली दीर्घमुद्रिका ठरली. आरंभी वाद्य नाहीच. एक निवेदक संथ, प्रवचनी स्वरात बोलतो आणि मगच ठेका सुरू होतो. जॉन पील या बीबीसीच्या निवेदकाने ही तबकडी वारंवार वाजवून तिला घरोघरी नेले.

त्या गायनानंतर महिनाही लोटला नव्हता. 23 एप्रिल रोजी नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षाची निवडणूक सभा साउथॉलच्या नगरगृहात भरवण्यास मुभा मिळाली, आणि तिच्या रक्षणार्थ हजारो पोलिसांचा बंदोबस्त लागला. सभेविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांशी झालेल्या चकमकीत ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यावरील प्रहाराने मृत्यू पावला. 'पीपल युनाइट'च्या घरात, जेथे जखमींवर उपचार चालू होते, पोलिस घुसले. वृंदाचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर कवटी फुटून बेशुद्धावस्थेत गेला. सुमारे 700 माणसे धरली गेली, 345 जणांवर खटले भरले गेले. पीचचा मृत्यू बहुधा एका पोलिसाच्याच हातून झाला, असा निष्कर्ष काढणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल दप्तरातून बाहेर पडण्यास 2010 साल उजाडले.

या घटनाक्रमामुळे पुष्कळ श्रोते या तबकडीत साउथॉलच्या त्या दिवसाची कैफियत ऐकतात. वस्तुतः ती ब्रुसेल्समध्ये गायिली गेली तेव्हा ते घर शाबूत होते आणि बेकरचे डोकेही. तिच्यातील शहरी वस्तीचे गाऱ्हाणे आणि दुष्टाला दिलेली बायबली ताकीद ही आधीच्या अनेक वर्षांच्या जाचाची आहे. एप्रिलने त्यात नवे काही घातले नाही.

त्या दिवसावर गाणे रचले ते शेजारच्याच 'द रट्स' या गोऱ्या पंक वृंदाने. त्यांची पहिली तबकडीही 'पीपल युनाइट'च्याच शिक्क्याने निघाली होती; बेकरवरचे ते गीत, 'जाह वॉर', त्यांनी रेगेच्याच ठेक्यात बांधले. घर पुढे पाडले गेले. 'मिस्टी'चा वृंद मात्र गात राहिला, आफ्रिकेत हिंडून आला, आणि 1985 साली त्याने काढलेल्या मुद्रिकेला झांबेझी नदीवरील धबधब्याचे तेथल्या लोकांनी ठेवलेले नाव दिले, 'मुसी-ओ-तुन्या'.