तुरटीपासून डीएनएच्या तुकड्यापर्यंत

लसीत रोगाचा अंश असतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या अंशाला साथ देणारे द्रव्य इतिहासात उपेक्षितच राहिले. १९२६ साली इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाला तुरटीची जोड दिली आणि लस अधिक प्रभावी ठरली. गढूळ पाणी निवळण्यासाठी आपल्या घरी जी फिरवीत, तीच ही तुरटी! पुढे सुमारे सत्तर वर्षे मानवी लसींत ॲल्युमिनियमच्या क्षारांचे जवळजवळ एकछत्री राज्य होते.

दुसरी वाट अनपेक्षित दिशेने फुटली. १९८४ साली जपानमध्ये तोकुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीसीजीच्या जंतूंपासून डीएनएचा अंश वेगळा काढला, तेव्हा अर्बुदविरोधी गुण त्यातच आढळला. १९९५ साली अमेरिकेतील आयोवा येथे क्रीग यांना त्याचे मर्म गवसले : सायटोसिनला लागून ग्वानिन, आणि त्या सायटोसिनवर मिथिल गटाचे आवरण नाही. जंतूंत ही जोडी विपुल. आपल्या पेशींत विरळ आणि बहुधा आवृत. मज भाषेच्या अभ्यासकाला यात परक्या बोलीचा हेल ओळखण्याचा प्रकार दिसतो. तो हेल ऐकणारा कान, म्हणजे टीएलआर-९ हा ग्राही, ओसाका येथे अकिरा यांच्या गटाने २००० साली दाखवून दिला.

तुकडा प्रयोगशाळेत घडवता येतो; कण्यात गंधक गुंफले की तो शरीरात लवकर विरत नाही. मात्र उंदराला चेतवणारी अक्षरमाला माणसाला तितकी चेतवीत नाही. खरा प्रश्न मार्गाचा होता. १९९८ साली मॅक्लस्की व डेव्हिस यांनी कावीळ-बीच्या प्रतिजनासह हे तुकडे उंदरांच्या नाकावाटे दिले. रक्तात प्रतिपिंडे आलीच, शिवाय श्लेष्मल त्वचेवर आयजीए उमटले. बहुतेक रोग शिरतात त्या दारावरच पहारा! सुईने दिलेल्या लसीला हे क्वचितच साधते.

तथापि व्यवहारात सुईचीच सरशी झाली. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या हेप्लिसाव-बी या लसीत बावीस अक्षरांचा असा तुकडा आहे. सहा महिन्यांतील तीन मात्रांऐवजी महिन्याच्या अंतराने दोन पुरतात. तोच तुकडा, तुरटीच्या कुळातील क्षारासह, आपल्या हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई या कंपनीच्या कॉर्बेव्हॅक्समध्ये आला. १६ मार्च २०२२ पासून देशभरातील बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना ती मिळू लागली. तीही दंडातच टोचून.