शीग, खळगा आणि उरलेला थेंब

‘उत्साह शिगेला पोचला’ असं आपण सर्रास लिहितो. ही शीग कुठली, असं विचारलं तर बहुतेक जण डोंगराच्या शिखराकडे बोट दाखवतात. ही शीग डोंगराची नव्हे, मापाची. ज्वारीचं मापटं काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग उभा राहतो आणि आणखी मूठभर टाकली की घरंगळायला लागतो, ती शीग. मूळ शब्द शिखा. माझ्या आजीचं पितळी मापटं होतं. कुणाकडून उसनी ज्वारी आणली की ती तळहात फिरवून शीग पाडायची आणि सपाट माप घ्यायची. परत करताना मात्र शीग लावून द्यायची. याच्या उलट करणारी घरं गावात सगळ्यांना ठाऊक असत.

पुढे मी जन्मभर रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. पहिल्या तासाला मुलांना सांगायचो, पाण्याला शीग नसते, खळगा असतो. काचेच्या बारीक नळीत पाणी कडांना चिकटून किंचित वर चढतं आणि मध्ये खाली बसतं. त्या खळग्याचा तळ रेघेला टेकला पाहिजे आणि बघणाऱ्याचा डोळा रेघेच्या पातळीत पाहिजे. (पाऱ्याची गोष्ट उलटी, त्याला नळीतही शीग असते.) या वक्र पृष्ठाला मेनिस्कस म्हणतात. ग्रीकमध्ये मेनिस्कस म्हणजे छोटी चंद्रकोर. ग्रीकांचा चंद्र ‘मेने’, संस्कृतातला ‘मास’ म्हणजे चंद्र आणि महिनाही, आणि आपला ‘महिना’ फारसीतून आला तरी त्याच गोतातला. भाषाशास्त्रज्ञ हे सगळे शब्द ‘मोजणे’ या अर्थाच्या धातूशी नेऊन भिडवतात. संस्कृतात तो ‘मा’. त्यातूनच मान, मात्रा, परिमाण आणि आपलं माप. चंद्र हा आकाशातला मोजणारा. या मापाच्या नळीच्या, म्हणजे पिपेटच्या, रेघेशी डोळा नेऊन चंद्रकोर शोधणाऱ्या मुलाला हे सांगितलं की तो क्षणभर तरी नळी सरळ धरायचा.

पिपेट हा शब्द त्या मानाने साधा. फ्रेंचमध्ये पीप म्हणजे नळी, पिपेट म्हणजे नळकुली. पण पीपच्या मागे लॅटिनमधलं एक क्रियापद आहे, पिलासारखं चिवचिवणं या अर्थाचं. आधी आवाज, मग तो काढणारी पुंगी, मग कुठलीही नळी. आपल्या पिपाणीचं नातं या पीपशी नाही, पण शब्द घडवण्याची खोड तीच: पीं पीं वाजते ती पिपाणी. फरक इतकाच, की पिपाणीत फुंकायचं आणि पिपेटमध्ये ओढायचं. आमच्या वेळी तोंडानेच ओढायचं. नजर खळग्यावर ठेवावी तर जिभेला सोड्याचं द्रावण लागायचं, आणि तो बुळबुळीत स्पर्श दिवसभर जायचा नाही. आता तोंडाने ओढायला सगळीकडे बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

पिपेट आणि ब्युरेट (तोटी असलेली मापाची नळी) ही दोन्ही नावं गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२४ साली वापरात आणली. ब्युरेट म्हणजे छोटी सुरई; चर्चमध्ये वेदीवर द्राक्षारस ठेवतात त्या चंबूलाही फ्रेंचमध्ये हेच नाव. याच गे-ल्युसॅकने पुढे पॅरिसच्या टांकसाळीसाठी चांदीची शुद्धता द्रावणाने मोजायची रीत बसवली. सोन्याचांदीच्या शुद्धतेला फ्रेंचमध्ये ‘तित्र’ म्हणतात. असं द्रावणाने मोजणं म्हणजे टायट्रेशन; तो शब्द तित्रमधून आला आणि टायटल हा त्याचा चुलतभाऊ. आपण टायट्रेशनला ‘अनुमापन’ केलं. शब्द शुद्ध आहे, परीक्षेत लिहायला बरा आहे, पण तित्रला मराठीत नेमका शब्द होता: कस. ‘कस काढणे’ म्हटलं असतं तर सोनाराच्या पोरालाही न शिकवता कळलं असतं. आपल्या परिभाषेने पेढीवरचे आणि बाजारातले शब्द उगाच टाळले, असं माझं मत आहे.

कॅलिब्रेशनलाही अंशांकन, अंशशोधन असे शब्द मिळाले. प्रयोगशाळेत मात्र मी ‘पिपेट कॅलिब्रेशनला गेलंय’ याखेरीज काही ऐकलं नाही. हा शब्द मोठा प्रवास करून आलेला. ग्रीकमध्ये लाकडाचा पाय, म्हणजे चांभार जोडा बेतताना वापरतो तो फर्मा. तिथून तो अरबीत गेला आणि ‘कालिब’ झाला, म्हणजे साचा. उर्दूत तो याच अर्थाने आजही आहे. अरबीतून युरोपात, तिथे तोफेच्या नळीचा व्यास म्हणजे कॅलिबर. मग नळीवर खुणा करणं, आणि आता असलेल्या खुणा खऱ्या की खोट्या हे तपासणं.

हे तपासणं आपल्याकडे किती जुनं आहे, ते पाहायला कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडावं. रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० साली काढली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात तुला आणि मापांवर एक प्रकरण आहे, आणि प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला ते वाचताना आपल्याच खोलीत बसल्यासारखं वाटतं. माप सुक्या, टणक लाकडाचं असावं. ते भरल्यावर वर येणारी शिखा, म्हणजे आपली शीग, एकंदर मापाच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी, किंवा शीग आत सामावेल एवढं माप करावं. द्रवासाठी मात्र काठाशी सपाटच. दर चार महिन्यांनी मापं तपासून शिक्का मारून घ्यावा. आजही पुष्कळ प्रयोगशाळांत पिपेटवर ‘पुढील तपासणी’ची जी चिठ्ठी चिकटवतात, तीत तीन-चार महिन्यांनंतरचीच तारीख असते.

त्याहून मजेची गोष्ट, द्रोण हे माप ठरवलंय ते त्यात मावणाऱ्या उडदाच्या वजनावरून. सरकारी वसुलीचा द्रोण २०० पळांचा, बाजारातला १८७॥, चाकरांना वाटपाचा १७५ आणि अंतःपुराच्या वाटपाचा १६२॥. राजा घेताना मोठा द्रोण, देताना लहान. माझ्या आजीने त्याला उसनी ज्वारी दिली नसती.

आणि द्रवांसाठी तिथे एक शब्द आहे, ‘मानस्राव’. द्रव मापाने ओतला की सगळा पडत नाही, थोडा मापालाच चिकटून राहतो, थोडा सांडतो. म्हणून घेणाऱ्याला पन्नासावा भाग वर द्यावा. तापवलेल्या, पातळ झालेल्या तुपासाठी निराळी भरपाई, बत्तिसावा भाग, तेलासाठी चौसष्टावा. तिचं नाव ‘तप्तव्याजी’. चिकटणं आणि तापमान या दोन चोरांवर व्यवहारात इतकं बारीक लक्ष ठेवलेलं पाहून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

कारण पिपेटची सगळी भानगड याच दोन गोष्टींची. चांगल्या काचेवर ‘इन’ किंवा ‘एक्स’ अशी खूण असते. ‘इन’ म्हणजे आत इतकं मावतं, ‘एक्स’ म्हणजे बाहेर इतकं पडतं. फ्लास्क ‘इन’चा, पिपेट ‘एक्स’चं. पिपेट निथळू द्यायचं, टोक भांड्याच्या कडेला टेकवायचं, आणि टोकात जो थेंब उरतो तो तसाच ठेवायचा. नव्या मुलाला तो थेंब वाया गेल्यासारखा वाटतो, तो हळूच फुंकतो आणि माप बिघडवतो. तो थेंब आधीच हिशेबातून वजा केलेला असतो. थोडक्यात, मानस्राव काचेवर कोरून ठेवलाय. (फुंकायची पिपेटंही असतात, त्यांच्यावर तशी खूण असते.) आणि काचेवर २० अंश सेल्सियस हेही छापलेलं असतं, ती तप्तव्याजी.

आता अंगठ्याने दाबायचं मायक्रोपिपेट आलं. जर्मनीत मारबुर्गला हाइनरिख श्निटगर या तरुण डॉक्टरने १९५७च्या सुमारास ते बनवलं. तपासायची रीत मात्र उडदाचीच, फक्त उडदाच्या जागी शुद्ध पाणी. हजार मायक्रोलिटरवर काटा लावायचा, पाणी ओढायचं, तराजूवरच्या इवल्याशा भांड्यात सोडायचं, आकडा लिहायचा, असं दहा वेळा. समजा सरासरी आली ०.९९५२ ग्रॅम. घाबरू नये. २० अंशांना एक मिलिलिटर पाणी हवेत एक ग्रॅम भरत नाही, किंचित कमी भरतं. म्हणून सुमारे १.००३ने गुणायचं. उत्तर ९९८ मायक्रोलिटर. या आकाराच्या पिपेटला सरासरीत ८ मायक्रोलिटर इकडेतिकडे चालतं, तेव्हा हे पास.

म्हणजे घनफळ मोजायला शेवटी वजनाकडेच जावं लागतं. लिटर या शब्दाचं मूळही ग्रीक ‘लित्रा’, आणि ते वजनाचं नाव. आपला शेर मापीही होता, वजनीही. नवटाक म्हणजे नऊ टाक वजन, शेराचा आठवा भाग. मुंबईत ते दारूच्या पेल्यात उतरलं आणि तिथेच राहिलं.

मानस्राव हा शब्द मराठीत टिकला नाही. पण रीत टिकली. दूधवाला माप पातेल्यात रिकामं केल्यावर किटलीतून वर एक धार सोडतो, तेलाच्या घाण्यावरही पळी उपडी केल्यावर दोन थेंब जास्तीचे पडतात. या वरच्या धारेला तुमच्या गावात काही नाव असेल तर गाव-तालुक्यासकट कळवा. मी इतकी वर्षं पिपेटच्या टोकातल्या थेंबासाठी मराठी शब्द शोधतोय.