बार्शीच्या शाहिराचा कागदोपत्री माग

बीटल्सवरची पुस्तके आवडीने वाचणाऱ्यांना मार्क लुइसन हे नाव माहीत असते. या चौघांनी कोणत्या दिवशी कोणते गाणे कितीदा ध्वनिमुद्रित केले, हे त्याने ॲबी रोड स्टुडिओतल्या फिती ऐकून आणि नोंदी तपासून लिहिले. १९८८ सालचे ते पुस्तक ऐकीव किश्शांवर नाही, कागदांवर उभे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गायकाचा इतिहास याच शिस्तीने लिहायचा तर काय हाती लागते? मैदानात गाणाऱ्याला स्टुडिओची वही कुठली! पण त्याची स्वतःची छापील पुस्तके आहेत, सोबत्याचे साहित्य आहे, मुलीचे लेखन आहे. ही साधने एकमेकांशी ताडून पाहिली की शाहीर अमर शेख बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागतात.

सुरुवात पक्क्या नोंदींपासून. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी; लोकगीतांचा वारसा तिच्याकडून आला. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. त्या काळची बार्शी म्हणजे कापसाची बाजारपेठ, १८९७ पासून छोट्या लाइनची रेल्वे आणि गिरण्यांचे भोंगे. जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला. त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली, तेव्हा मेहबूब चौदा वर्षांचा होता. पुढे बार्शीच्या गिरणी संपात तो उतरला, विसापूरच्या तुरुंगात गेला आणि बाहेर आला तो कम्युनिस्ट विचार घेऊन. तिथून कोल्हापूर आणि मास्टर विनायक यांची चित्रसंस्था. मेहबूबचे ‘अमर शेख’ झाले ते तिथेच.

आता कलापथकाकडे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांच्या ‘लाल बावटा’ पथकाचे स्थापना-वर्ष १९४४ असे दिले जाते. ते बसते का, हे आजूबाजूच्या तारखांवरून तपासता येते. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी जुलै १९४२ मध्ये उठली. त्याआधी लाल झेंड्याच्या नावाने उघड्यावर पथक काढणे शक्यच नव्हते. मे १९४३ मध्ये मुंबईत इप्टा ही नाट्यसंघटना स्थापन झाली. स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली आणि अण्णा भाऊंचा त्यावरचा पोवाडा त्याच वर्षीचा. म्हणजे आधी पक्ष मोकळा झाला, मग एकाच वर्षात देशपातळीवरची संघटना आणि गाजलेला पोवाडा आले, आणि त्यानंतर पथक. हा क्रम सरळ लागतो. १९४४ मान्य करायला अडचण नाही.

गाण्यांच्या बाबतीत इतके सोपे नाही. अण्णा भाऊंची मुंबईत आलेल्या गड्याची, गावी राहिलेल्या मैनेची छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर पोचली. पथकाचे नाव घेतले की ती आठवते, म्हणून ती पथकाच्या पहिल्या दिवसांतली समजण्याचा मोह होतो. पण रचनेच्या शेवटाकडे पाहावे. विरहाची गोष्ट तिथे खंडित महाराष्ट्राकडे वळते आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. बेळगाव आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. डांग-उंबरगावचा वादही त्याच काळात पेटलेला. तेव्हा आज गायले जाते त्या रूपातली छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे, १९४४ सालची नव्हे. गाणे स्वतःच आपली तारीख सांगते, आणि असा दाखला आठवणींपेक्षा भारी असतो.

छापील पुस्तकांच्या तारखा मात्र उलट बाजूने फसवतात. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ चे, ‘कलश’ १९५८ चा, ‘धरतीमाता’ १९६३ चा. कवीचे पुस्तक निघते तेव्हा कविता वाचकाला नवी असते. शाहिराचे पुस्तक निघते तोवर गाणी लोकांच्या तोंडी रुळलेली असतात. म्हणून १९५१ हे छपाईचे साल मानावे, रचनेचे नव्हे.

साक्षीदारांत मोठे नाव आचार्य अत्र्यांचे. त्यांनी अमर शेखांना रशियन क्रांतिकवीच्या नावावरून महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. पण अत्रे तटस्थ समीक्षक नव्हते; ‘मराठा’चे संपादक आणि त्याच लढ्याचे पुढारी होते. त्यांच्या प्रशस्तीवरून चळवळीत या शाहिराचे वजन किती होते ते कळते. कवितेचा निवाडा ‘कलश’ उघडूनच करावा. विरोधी बाजूची साक्षही आहे. मुंबई सरकारने लाल बावटा पथकावर बंदी घातली. गाण्याचा धाक वाटल्याशिवाय सरकार असे पाऊल उचलत नाही.

घरातली साक्ष मुलीची. मल्लिका अमर शेख यांनी ‘सूर एका वादळाचा’ हे वडिलांवरचे पुस्तक लिहिले. त्यांचे आत्मकथन ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ मध्ये आले. वडील गेले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. कवी नामदेव ढसाळांबरोबरच्या संसाराची जळजळीत हकिगत म्हणून ते आत्मकथन गाजले, पण त्याच्या सुरुवातीच्या भागात एका कलावंत बापाचे घर दिसते. त्या घराची तऱ्हा, माणसाचा स्वभाव, लेकीवरची माया यांबाबत या साक्षीला तोड नाही. पथकाच्या स्थापनेबाबत मात्र तिचा आधार घेऊ नये. ती घटना लेखिकेच्या जन्माआधी तेरा वर्षांची आहे. आवाजाखेरीज चेहराही पाहायचा असेल त्याने १९६१ सालचा ‘प्रपंच’ हा चित्रपट पाहावा. त्यात अमर शेखांची भूमिका आहे.

अखेरच्या तारखा पुन्हा पक्क्या आहेत. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. एक अठ्ठेचाळीस वर्षांचा, दुसरा बावन्न. दोघांनी बसून पथकाचा इतिहास सांगावा, अशी वेळच आली नाही.

वाचणाऱ्याने क्रम असा ठेवावा: आधी ‘कलश’, मग महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये काढलेले अण्णा भाऊंचे निवडक वाङ्मय, आणि शेवटी मुलीची दोन पुस्तके. आणि बार्शी-सोलापूरकडच्या जुन्या घरांना एक विनंती. माळ्यावरच्या ट्रंकेत पथकाच्या गाण्यांची चोपडी, कार्यक्रमाची जाहिरात किंवा सभेचे पत्रक सापडले तर रद्दीत घालू नका. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे; तिथे नेऊन द्या.