शिळ्या मांसाची बखर

राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने इतिहासात विपुल आढळतात. परंतु दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्या अन्नाचे काय झाले, हे बखरकार सहसा सांगत नाही. इंग्लंडातील ‘हॅश’ या पदार्थाचा मागोवा मात्र घेता येतो.

हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ बारीक तुकडे केलेले मांस, एवढाच. प्रारंभी शिळेपणाशी त्याचे नाते नव्हते. आरमारी कचेरीतील अधिकारी आणि प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने १६६३ च्या जानेवारीत घरी मेजवानी दिली, तेव्हा पहिल्याच वाढपात सशाच्या मांसाचा हॅश होता. या जेवणावळीस सुमारे ५ पौंड खर्च येईल, अशी नोंदही त्याने केली आहे. सरकारी नोकराची हिशेबाची सवय मेजवानीच्या दिवशीही सुटत नाही!

पुढे हा पाहुणचाराचा पदार्थ काटकसरीच्या पंक्तीला येऊन बसला. हॅना ग्लासबाईंच्या १७४७ च्या पाकग्रंथात थंड झालेल्या मटणाचा हॅश सांगितला आहे: मांस अगदी बारीक चिरावे, हाडे कांद्याबरोबर उकळून त्यांचा रस काढावा. हाडदेखील वाया जाऊ द्यायचे नाही, ही त्यामागची दृष्टी. १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या बीटनबाईंच्या ग्रंथात तर थंड मांसाच्या पाककृतींवर तशी स्वतंत्र खूणच आहे. रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजावा आणि सोमवारी, धुणे काढण्याच्या दिवशी, त्यातले उरलेले तव्यावर परतून घ्यावे, असा तेथील संसाराचा परिपाठ होता. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात बुडालेल्या स्त्रीला चुलीजवळ फार वेळ उभे राहणे परवडत नसे. आपल्याकडे सकाळच्या घाईत फोडणीचा भात होतो, तो काही निराळ्या कारणाने नव्हे. हिंदुस्थानातील साहेबांच्या बंगल्यांत हेच थंड मांस कांदा व मिरच्या घालून परतले जाई. त्याला ‘जालफ्रेझी’ म्हणत.

हॅशचा एक भाऊबंद म्हणजे ‘बबल अँड स्क्वीक’. शिजताना होणारी खदखद आणि तव्यावरची चुरचुर यांवरून हे नाव पडले, असे म्हणतात. रंडेलबाईंच्या १८०६ च्या पुस्तकात हा पदार्थ गोमांसाच्या कापांचा व कोबीचा आहे. बटाट्याचा त्यात मागमूस नाही.

तो बदल विसाव्या शतकात पक्का झाला. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये शिधापद्धती सुरू झाली. मार्चमध्ये मांसही तिच्या कक्षेत आले. मांसाचा वाटा वजनाने नव्हे, तर किमतीने ठरे. म्हणून शहाणी गृहिणी स्वस्त भाग घेऊन अधिक मांस पदरात पाडून घेई. खाण्याजोगे अन्न वाया घालवणे त्याच वर्षी दंडनीय अपराध ठरले. डबाबंद मांसात उकडलेले बटाटे कालवून केलेला हॅश घरोघरी दिसू लागला. बबल अँड स्क्वीकमधून मात्र मांस नाहीसे झाले. उरले बटाटे आणि कोबी. नाव तेवढे जुनेच राहिले.

४ जुलै १९५४ रोजी मांसावरचे नियंत्रण उठले. खाटकांच्या दुकानांत माल पुन्हा टांगला गेला, रविवारचे भाजलेले मांस परत आले. बबल अँड स्क्वीकच्या तव्यावर मात्र आजही बहुधा बटाटे आणि कोबीच असतात.