देवदार : नाव व ओळख यांचा इतिहास
(सं. देवदारु, सुरदारु, लॅ. सीड्रस देवदारा, कुल–पायनेसी). पश्चिम हिमालयात सामान्यपणे १,७०० ते ३,००० मी. उंचीवर आढळणारा सदापर्णी शंकुमंत वृक्ष. महाराष्ट्रात शंकुमंत वृक्षांची नैसर्गिक वने नाहीत. त्यामुळे येथे देवदाराचे नाव परिचित असले, तरी वृक्ष अपरिचित राहिला. मालबांधणीच्या हलक्या फळ्यांना मराठीत सरसकट ‘देवदारी’ म्हणतात. दिघी–चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यांत वापरली जाणारी अशी खोकी पुष्कळदा पाइनच्या लाकडाची असतात.

नावाचा हा घोटाळा जुना आहे. कालिदासाच्या रघुवंशात (सर्ग २) शिवाने पुत्रवत मानलेला देवदारु हिमालयातील आहे. तथापि बंगालमध्ये हेच नाव लांब पानांच्या अशोकाला (पॉलिअल्थिया लाँगिफोलिया) आणि दक्षिणेत एरिथ्रोझायलम मोनोगायनम या लहान वृक्षाला मिळाले. हे दोन्ही सपुष्प वृक्ष असून त्यांचा देवदाराशी निकटचा संबंध नाही. विल्यम रॉक्सबर्ग यांनी देवदाराचा समावेश पाइनच्या (पायनस) वंशात केला होता. जॉर्ज डॉन यांनी १८३० मध्ये त्याला सीड्रस वंशात स्थान दिले.

या वंशभेदाचा आधार पाने व शंकू यांत आहे. चीर पाइनची लांब पाने तीन-तीनांच्या जुडग्यांत असतात. देवदाराची २·५–५ सेंमी. लांब, सूच्याकृती पाने लांब प्ररोहांवर एकेकटी व ऱ्हस्व प्ररोहांवर झुबक्यांनी येतात. त्याचे पिंपाच्या आकाराचे शंकू फांदीवर ताठ उभे असतात. पक्व झाल्यावर खवले झाडावरच गळून मधला अक्ष तेवढा उरतो. फरचे शंकूही असेच विखुरतात. परंतु त्याची पाने चपटी असून त्याला ऱ्हस्व प्ररोह नसतात. स्प्रूसचे शंकू लोंबते असून अखंड गळतात.

कापलेल्या लाकडात पाने किंवा शंकू उपलब्ध नसतात. तेथे सूक्ष्मदर्शकाचा उपयोग होतो : शंकुमंतांच्या काष्ठात वाहिका नसतात, अशोकाच्या काष्ठात असतात. पाइनमध्ये राळेच्या नलिका नेहमी आढळतात. देवदारात त्या केवळ इजा झाल्यास निर्माण होतात.

ही ओळख केवळ नामकरणापुरती महत्त्वाची नाही. देवदाराचे तैलयुक्त लाकूड कीड व कुजणे यांस प्रतिकार करते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातील लोहमार्गांच्या स्लीपरांसाठी त्याची प्रचंड तोड झाली. आयुर्वेदातही त्याचे काष्ठ औषधी मानले आहे. नावावर विसंबून दुसरे लाकूड घेतल्यास बांधकामाचा टिकाऊपणा व औषधाचा गुण या दोहोंची हानी होते.